उघड्या माथ्याचं आणि बंद चौकटीचं

सर,

तुमच्या मुलाकडे दोन रिव्हॉल्वर होती. दचकू नका. म्हणजे तुम्हाला आता दचकता येत नाही हे मला ठाऊक आहे, तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली. पण तुमच्यासमोर काही मांडायचं तर आधी तुमच्या भुवयांकडे बघायची सवय माझी अजून सुटलेली नाही. तुमच्या घरातलं सगळ्यात धोकादायक शस्त्र म्हणजे तो जाडजूड संस्कृत शब्दकोश. तो एकदा फळीवरून तुमच्या पायावर पडला आणि तुम्ही आठवडाभर लंगडत शाळेत येत होतात. त्या घरातल्या मुलाने साताऱ्याहून बर्मिंगहॅमला यावं, विमानांच्या इंजिनांचे सुटे भाग आखण्यात हयात घालवावी आणि पन्नाशीला आल्यावर रिव्हॉल्वरचा छंद लावून घ्यावा, याची उपपत्ती मला अजून लागलेली नाही. छंद रीतसर होता, हेही सांगते. पोलिसांचा परवाना होता, शहराबाहेरचा नेमबाजीचा क्लब होता, जिन्याखाली भिंतीत बोल्ट मारलेलं पोलादी कपाट होतं आणि त्याची किल्ली फक्त त्याच्याकडे होती. परवान्यासाठी दोन रेफरी लागतात, या माणसावर भरवसा ठेवायला हरकत नाही असं सांगणारे. नातेवाईक चालत नाहीत. मी तुमची विद्यार्थिनी, म्हणजे त्याची गुरुभगिनी, पण हे नातं इथल्या पोलिसांच्या यादीत नाही. त्यामुळे त्या दोघांतली एक मी.

रिव्हॉल्वर जुनी नव्हेत, जुन्या नमुन्यावर आता बनवलेली. त्यांत काडतूस नसतं. फिरत्या नळकांड्याला सहा घरं असतात, प्रत्येक घरात आधी काळी दारू भरायची, मग तिच्यावर शिशाची गोळी दाबून बसवायची. दारू म्हणजे बंदुकीची. तुमच्या चिरंजीवांनी दुसरीला कधी हात लावलेला नाही, तेवढा भरवसा असू द्या. उडवून झालं की त्याच दिवशी गरम पाण्याने धुवावं लागतं, नाहीतर त्या दारूची काजळी लोखंड खाते. म्हणून रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे जायचे तेव्हा जेवणाच्या टेबलावर जुने पेपर पसरलेले असायचे, साबणाच्या पाण्याचा टब असायचा, आणि तुमचा मुलगा बाह्या वर करून बसलेला असायचा, एखाद्या तान्ह्या बाळाला न्हाऊ घालावं तसा. तुमची सून स्वयंपाकघरातून ओरडायची, "माझं कुकरचं भांडं घेतलं असशील तर बघ हं, वरणाला दारूचा वास आला तर तूच खा." ह्या दोघांना मूल नव्हतं. ती मला म्हणायची, "हे आमचे दोन मुलगे. एक मोकळा, एक घुमा. बाप दोघांचंही तेवढंच करतो."

मोकळा आणि घुमा हे तिचं वर्णन शास्त्राला धरून होतं, कारण तुमचा मुलगा दर रविवारी मला तेच समजावून सांगायचा. एका रिव्हॉल्वरची चौकट वरून उघडी. फिरत्या नळकांड्याच्या डोक्यावर काहीच नाही, आभाळ. त्याची नळी चौकटीला जोडलेली नसते, मधल्या एका जाड खुंट्यावर बसते आणि एका बोटभर पाचरीने जागच्या जागी धरलेली असते. पाचर ठोकून बाहेर काढली की सगळं शस्त्र तीन तुकड्यांत हातात येतं. दुसऱ्याची चौकट पूर्ण बंद, माथ्यावरून पोलादाची पट्टी गेलेली, नळी तिच्यात पेच पाडून कायमची बसवलेली. ते जास्त मजबूत. नेम धरायची खाच त्या पट्टीतच कोरलेली असते, म्हणून ती हलत नाही. उघड्याची खाच घोड्यावर असते, घोडा ओढल्याशिवाय दिसतच नाही. पण बंद चौकटीत आस बारीक. थोडे बार झाले की काजळीने नळकांडं अडतं, फिरता फिरत नाही. उघड्याचा खुंटा जाड, त्यावर वंगण धरायला खाचा, ते दिवसभर फिरतं. मी म्हणाले, "अरे, हे तर समासाचं प्रकरण आहे. उघड्याचा विग्रह होतो. बंद म्हणजे नित्यसमास, फोड करायला गेलास तर अर्थच राहत नाही." तो हसला आणि म्हणाला, "बाबा असते तर याच्यावर तास घेतला असता." तुमची सून म्हणाली, "घेतला असता, आणि तुम्ही दोघं पहिल्या बाकावर बसला असतात." तेव्हा त्याचं मत ठाम होतं: चांगलं ते उघडंच. बंद शस्त्राच्या पोटात काय चाललंय ते कळत नाही, म्हणायचा. इंजिनिअरला पोट उघडून बघता आलं पाहिजे.

अजून एक गोष्ट त्या टेबलावर झाली होती, आणि ती मला सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. गोळी बसवल्यावर प्रत्येक घराच्या तोंडाशी घट्ट वंगण लिंपायचं असतं. एका घराचा बार उडताना ठिणगी शेजारच्या घरात शिरू नये म्हणून. क्लबातली मंडळी जनावराची चरबी आणि मेण एकत्र करून लावतात. तुमच्या मुलाने चरबीला हात लावायला नकार दिला. मी त्याला चिडवलं, की आपल्या लोकांचं बंदुकीशी वाजलंय ते चरबीवरूनच, तू अठराशे सत्तावन्नची परंपरा पुढे चालव. तुमच्या सुनेने बरणी पुढे सरकवली आणि म्हणाली, "मग साजूक तूप लाव की. सोवळ्यातली गोळी." तेव्हा तो गंभीर झाला. त्याला तुमचा आवाज फुटला, तोच, गाढवालाही कळेल असं सांगण्याचा. "तूप चालत नाही. जरा ऊन लागलं की पातळ होतं, ओघळून जातं. मग घरांची तोंडं उघडी. एक उडवलं की शेजारची दोन त्याच्याबरोबर जातील." शेवटी तिनेच मेण आणि ऑलिव्ह ऑइल एकत्र कढवून एक मलम करून दिलं, आणि पुढे सगळी वर्षं तेच चाललं.

गेल्या हिवाळ्यात ती गेली. आजार कळला आणि दिवाळी ते नाताळ एवढ्यात संपलं. त्यानंतर तुमच्या मुलाचं घर मला आवडेनासं झालं. नीटनेटकं होतं, उलट फारच नीटनेटकं. ओट्यावर काही नाही, सिंकमध्ये काही नाही, फ्रिजमध्ये एक दूध आणि तिची ती तुपाची बरणी. रविवारी पेपर पसरलेले असायचे, टब असायचा, पण तो धुवायचा कमी आणि बघत जास्त बसायचा. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "मग काय, अजून उघडंच चांगलं का?" तो बंद चौकटीचं हातात घेऊन बसला होता. म्हणाला, "नाही. उघड्याची पाचर झिजते. कितीही ठोकली तरी एक दिवस सैल होणारच. बंदच बरं. एकदा बसवलं की बसवलं, वर कोणी बघायला नको." मी त्यावर नित्यसमासाचाच विनोद पुन्हा केला. तो हसला नाही. मलाही तो विनोद नीट ऐकू आला, करून झाल्यावर.

मग जुलैत तो म्हणाला, "चल ना क्लबला, एकटा कंटाळतो." मी गेले. पाहुण्यांना मागच्या बाकावर बसायची परवानगी असते, कानांवर ते मोठे हेडफोनसारखे लावून. त्या दिवशी इंग्लंडला न शोभणारं ऊन होतं. रेंजवर देखरेख करायला एक म्हातारा असतो, पूर्वी बस चालवायचा, आता सगळ्यांना लव्ह म्हणतो, आपण बाळा म्हणतो तसं. तुमच्या मुलाने उघड्या माथ्याचं रिव्हॉल्वर बाहेर काढलं, गोळ्या बसवल्या, आणि खिशातून एक स्टीलची डबी काढली. डबी मी ओळखली, तुमच्या सुनेच्या मिसळणाच्या डब्यातली होती. तो बोटाने काहीतरी लिंपत होता. मला वाटलं, मलमच. ते रिव्हॉल्वर मग तसंच बराच वेळ उन्हात टेबलावर पडून होतं, कारण त्याच्या आधीच्या माणसाचं आटपत नव्हतं. त्याची पाळी आली. त्याने चाप ओढला आणि एकाऐवजी तीन आवाज झाले, इतके लागून की मला एकच मोठा आवाज वाटला. पांढरा धूर झाला, आणि धुरात तो दिसेना. सर, त्या धुरात मी किती वेळ बघत होते ते सांगता येणार नाही. मग धूर विरला आणि तो तिथेच उभा होता, हात तसाच पुढे, दोन्ही हात शाबूत. शेजारच्या घरांतल्या गोळ्या नळीच्या दोन बाजूंनी निघून गेल्या होत्या. म्हातारा चालत आला, अगदी सावकाश, त्याने रिव्हॉल्वर खाली ठेवायला लावलं आणि म्हणाला, "ओके, लव्ह? ग्रीसला जरा कंजूषी केलीस. आज बास." आणि त्याने क्लबच्या नोंदीत तेवढंच लिहिलं.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "मलम नव्हतं का ते?"

"तूप होतं."

"तूप?"

"बरणीतलं. वास यायला लागला होता त्याला. आता खायला कोण आहे?" त्याने गाडी सुरू केली. घरी पोचेपर्यंत तो कोणत्या रस्त्यावर कामं चालू आहेत याबद्दल बोलत होता.

मी त्याला पुढचा प्रश्न विचारला नाही. गाढवालाही कळेल असा आवाज काढून ज्याने तुपाचं शास्त्र आम्हाला शिकवलं, त्याला ते आठवलं नसेल का, हा तो प्रश्न. दु:खात माणूस विसरतो. बायकोच्या हातचं शेवटचं तूप कचऱ्यात टाकवत नाही, खाववत नाही, म्हणून कुठेतरी लावून टाकतो, हेही मी समजू शकते. आपल्यात तूप फेकत नाहीत. या दोन समजुती मी आलटून पालटून वापरत होते. ऑगस्टमध्ये एका दुपारी मी लायब्ररीत कामावर असताना पोलिसांच्या लायसन्सिंगमधून फोन आला. परवान्याचं नूतनीकरण होतं, नेहमीची चौकशी. बाई तरुण होती, आवाज छान होता, मागे कोणीतरी चहा ढवळत असल्यासारखा आवाज येत होता. तिने विचारलं, तुम्हाला त्यांच्याबद्दल काही काळजी वाटते का?

आणि सर, मी कौन्सिलच्या लायब्ररीत, मुलांच्या पुस्तकांच्या कपाटाजवळ फोन धरून उभी, आणि मला तुमचं स्वयंपाकघर दिसतं. सकाळची वेळ आहे, तुम्ही मेथी निवडताय आणि मला सन्नन्त शिकवताय. धातूला इच्छेचा प्रत्यय लागतो: पिपासति, प्यावंसं वाटतं त्याला. मग तुम्ही एक रूप दिलंत, पिपतिषति, आणि कर्ता दिलात नदीचा काठ. मी ऐटीत अर्थ सांगितला, "काठाला पडावंसं वाटतं." तुम्ही मेथीची जुडी खाली ठेवलीत. "काठाला मन आहे का गं?" "इच्छा काठाची नव्हे. शंका बघणाऱ्याची. काठावर उभ्या माणसाला वाटतंय की हा आता पडणार. व्याकरणाला दोन्हींसाठी एकच प्रत्यय पुरतो, म्हणून माणसाने जास्त नीट बघायचं. मराठीत नाही का आपण म्हणत, भिंत पडू पाहतेय? पाहतेय कोण? भिंत? भिंतीला डोळे आहेत?" आणि मग ते बोलणं, ज्याने मी रडकुंडीला आले होते: "अर्थ गोड लागला म्हणून घेऊ नकोस. हुशार मुलींना ती खोड असते." त्याच धड्यात पुढचं उदाहरण मृ धातूचं होतं. मुमूर्षति. मरू इच्छितो, किंवा, बघणाऱ्याला वाटतं की हा आता मरणार. दोन्हींना एकच रूप. तेव्हा मी ते नुसतं पाठ केलं होतं.

फोनवरची बाई थांबली होती. मी म्हणाले, "हो. वाटते." मग मला तुपाबद्दल सांगावं लागलं. घी म्हणजे काय, ते आधी. क्लॅरिफाइड बटर. "बंदुकीवर?" हो, बंदुकीवर. "त्यांना माहीत नसेल की ते धोकादायक आहे?" इथे मला एक सोपी वाट होती, सर, आणि बाईने ती स्वतःच्या हाताने उघडून धरली होती. मी म्हणाले, "नाही. त्याला माहीत होतं."

पुढच्याच आठवड्यात दोन अधिकारी घरी येऊन दोन्ही रिव्हॉल्वर आणि दारूची पेटी घेऊन गेले. तूर्तास, असं म्हणाले. त्याने मला फोनवर सांगितलं तेव्हा सगळं कर्मणीत सांगितलं: रिव्हॉल्वर नेण्यात आली, कपाट रिकामं करण्यात आलं. मीही त्याच चालीवर उत्तर दिलं, "वाईट झालं." कर्ता दोघांनीही अध्याहृत ठेवला. मला वाटलं, तो क्लबच्या म्हाताऱ्यालाच कर्ता धरून चालला असेल, आणि मी ते चालू दिलं. धुवायला आता काही उरलं नव्हतं, म्हणून रविवारी तूच माझ्याकडे ये असं मी म्हटलं होतं, पण दोन रविवार तो आला नाही. तिसऱ्या रविवारी आला, माझ्या स्वयंपाकघरात नेहमीच्या खुर्चीवर बसला, चहा घेतला, आणि चहात बिस्किट बुडवत म्हणाला, "खऱ्या जुन्या रिव्हॉल्वरला परवाना लागत नाही, माहीत आहे ना? शोभेचं म्हणून भिंतीवर ठेवलं तर. एका दुकानात दोन बघून आलो. एक उघडं, एक बंद. तुला काय वाटतं, दिवाणखान्यात कुठलं बरं दिसेल?"

मी गॅस बंद केला. म्हणाले, "मला कशाला विचारतोस?"

"तू रेफरी ना माझी." बिस्किट तुटून चहात पडलं, तो चमच्याने काढत बसला. "म्हाताऱ्याने ग्रीस लिहिलं होतं गं. त्याला आजवर ग्रीसच वाटतंय. आणि ती पोलीस मुलगी दारात उभी राहून मला म्हणते, घी." त्याने तो शब्द तिच्यासारखा म्हटला, मऊ, शेवटी लांबवून. "बर्मिंगहॅममध्ये त्या डबीत काय होतं हे दोन माणसांना माहीत. मी सांगितलं नाही."

"मी सांगितलं."

"काय काय सांगितलंस?"

"तूप होतं, आणि ते ओघळतं हे तुला माहीत होतं."

मला वाटलं, आता उठेल. तुमचा मुलगा रागावला की बोलत नाही, निघून जातो, आणि त्या दिवशी तो दारातून बाहेर पडला असता तर मी त्याला धरून ठेवू शकले नसते. मी दाराच्या बाजूला उभी होते, ते मुद्दाम होतं की योगायोग, ते मलाच कळत नाही. पण तो उठला नाही, चमचा बशीत ठेवला. मग मी ते विचारलं, जे गाडीत विचारायला हवं होतं. साध्या मराठीत, कुठलाही प्रत्यय न लावता. "तुला मरायचंय का?"

तो म्हणाला, "रोज नाही."

सर, हे उत्तर व्याकरणशुद्ध आहे. मी त्यात काही चूक काढू शकले नाही. मी फक्त म्हणाले, "मग आज घरी जाऊ नकोस." तो म्हणाला, "कपडे नाही आणले." मी म्हणाले, "ह्यांचे आहेत." आणि तो थांबला. सोमवारी सकाळी आम्ही दोघं जीपीच्या, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरच्या, दारात उघडायच्या आधी उभे होतो. आत जे बोलायचं ते तो एकटाच जाऊन बोलला. आता गुरुवारी पुन्हा हॉस्पिटलात जायचं आहे, तिथल्या डॉक्टरीणबाई नीट ऐकून घेतात, असं तो म्हणतो. ह्यांच्या लेंग्यात तो बुटका दिसतो, आणि माझे मिस्टर त्याला रोज क्रिकेटबद्दल चुकीचं काहीतरी सांगतात, म्हणजे त्याला दुरुस्त करावं लागतं. भिंतीवरच्या रिव्हॉल्वरचा विषय त्याने पुन्हा काढलेला नाही. मीही नाही. पण ते दुकान कुठे आहे ते मी विचारून घेतलं, आणि तिथे जाऊन त्या माणसाशी बोलून आले.

आत्ता दुपार आहे. तो वरच्या खोलीत आहे आणि मी खाली लिहितेय. त्याच्या पावलांनी वरच्या जमिनीच्या फळ्या कुरकुरतात तोवर मी लिहू शकते. थांबल्या की माझं पेन थांबतं. मघाशी त्याने जिन्यावरून वाकून विचारलं, कोणाला एवढं पानभर लिहितेस, तर मी सांगितलं, कौन्सिलला, कचऱ्याच्या गाडीबद्दल. "कडक लिही," म्हणाला.

हे तुम्हाला पाठवता येत नाही, पण येत असतं तरी मी एक वाक्य खोडून पाठवलं असतं, म्हणून ते इथे सांगून टाकते. तो राहायला आला त्या संध्याकाळी मी वरच्या बाथरूमची आतली कडी काढून ठेवली आणि ती तुटली असं त्याला सांगितलं. स्क्रू स्क्रूड्रायव्हरने व्यवस्थित काढलेले आहेत, भोकं स्वच्छ आहेत. तुटलेली कडी अशी दिसत नाही, हे इंजिनिअरला पहिल्या नजरेत कळलं असणार. आत जातो तेव्हा दार नुसतं लोटून घेतो, आणि आतून मोठ्याने काहीतरी गुणगुणत राहतो, बाहेर ऐकू जाईल एवढं.